निवेदन मराठीत हवे, तर बोटांतही मराठी हवी

सीमाबांधवहो,

मराठीत परिपत्रके द्या, मराठीत उतारे द्या, बसच्या पाट्यांवर मराठी लिहा, ही मागणी घेऊन आपली तिसरी पिढी डीसी ऑफिसच्या पायऱ्या चढते आहे. मागणी न्यायाची आहे आणि ती शेवटपर्यंत लावून धरायची आहे. पण त्या पायऱ्यांवर आपण जे निवेदन देतो, ते टाइप कोण करते, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. बहुतेक गावांत उत्तर एकच आहे: कोपऱ्यावरचा डीटीपीवाला. तो लग्नाला गेला की निवेदन थांबते. त्याचा संगणक बिघडला की तीन वर्षांची निवेदने त्याच्याबरोबर जातात. मागच्या वर्षीच्या पत्राची प्रत मागितली की पुन्हा सगळे नव्याने टाइप करायचे आणि पुन्हा पैसे मोजायचे.

गावागावांत पदवीधर तरुण आहेत. घराघरांत कोणीतरी 'कॉम्प्युटर कोर्स' केलेला आहे, प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावलेले आहे. तरीही मराठीत एक पानाचे पत्र नीट टाइप करून, त्याची पीडीएफ करून, ईमेलने पाठवून, पोच जपून ठेवणारा मुलगा प्रत्येक गावात शोधावा लागतो. भाषेसाठी लाठ्या खाणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. हे आता स्पष्ट बोलायची वेळ आली आहे.

हक्क कागदावर, हात रिकामे

भारतीय संविधानाचे कलम ३५० सांगते की, केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत नागरिकाला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येते. म्हणजे मराठीत अर्ज करणे ही कोणा साहेबाची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्याला ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे जोडली. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय सांगितली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत, हा संकेतही देशपातळीवर मान्य झालेला आहे.

हे सगळे आपल्या भाषणांत दरवर्षी येते. आता हिशेब करा. कलम ३५० चा आधार घेऊन तुमच्या गल्लीतून गेल्या वर्षी किती लेखी निवेदने मराठीत गेली? नळाचे पाणी, गटार, रेशन, पेन्शन, पिकाची नुकसानभरपाई अशी गाऱ्हाणी तर रोजची आहेत. मग अर्ज कोणत्या भाषेत जातो? समोरचा कारकून 'कन्नडमध्ये आणा' म्हणतो, आपण मुकाट्याने बाहेरच्या टेबलावर जातो, पैसे देतो आणि न वाचता येणाऱ्या कागदावर सही करतो. जो हक्क वापरला जात नाही, त्याची फाईलमध्ये नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते विशेष अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयापुढे मांडायचे कसे? 'मराठी लोकांची तक्रारच नाही' असे उद्या कोणी म्हटले, तर दाखवायला आपल्याकडे काय आहे?

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालयात घोषणा चालत नाहीत, कागद चालतो. कागद मात्र आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी बसून तयार करावा लागतो, त्याला तारीख घालावी लागते, क्रमांक द्यावा लागतो, जपावा लागतो.

संगणक आला, तो कोणाच्या भाषेत आला?

कर्नाटकात २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्प आला. जमिनीचे उतारे संगणकावर चढले, तलाठ्याच्या हाताने लिहिलेला उतारा संपला. गैरकारभाराला आळा बसला, हे मान्य करायला हरकत नाही. पण छापून येणारा उतारा कन्नडमध्ये. ज्या शेतकऱ्याच्या नावावर जमीन आहे, त्यालाच आपल्या उताऱ्यावरचे नाव आणि क्षेत्र वाचता येईना. त्यानंतर नाडकचेरी आली, 'सेवा सिंधू' आले, 'ग्राम वन' आले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळे पडद्यावर गेले. पडद्यावर भाषा दोनच, कन्नड आणि इंग्रजी.

याला अन्याय म्हणायचेच. पण दुसरी बाजूही पाहा. कन्नड गणक परिषदेने 'नुडी' हे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर तयार केले, राज्य शासनाने ते स्वीकारले आणि लोकांना मोफत मिळू लागले. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०१२ साली संगणक साक्षरता परीक्षेचे नियम झाले. कन्नड भाषेच्या अभिमानी लोकांनी ओळखले की, जी भाषा कळफलकावर नाही ती उद्या कचेरीतही राहणार नाही. त्यांनी भाषणाबरोबर हेही काम केले. आपण भाषणच केले. शेजाऱ्याशी भांडण हक्काचे आहे, त्याच्या कष्टाशी नव्हे. त्याचा कष्ट उचलण्यात कमीपणा कसला?

आणि मराठीकडे साधने नव्हती असेही नाही. भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे मोठे काम करणारी सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुण्यात उभी राहिली. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा देवनागरी फाँट प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. महाराष्ट्रात एमकेसीएलने 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम गावोगाव नेला आणि तो मराठीतून शिकता येतो. साधने सगळी होती आणि आहेत. ती सीमेच्या या बाजूला आणून लोकांच्या बोटांपर्यंत पोचवायची जबाबदारी कोणाची होती? पुढाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

कोर्स केला म्हणजे काय केले?

आपली मुले क्लासला जातात. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. तीन महिन्यांत मुलगा इंग्रजी नोट्स पाठ करतो. मेनूतली नावे, शॉर्टकट आणि कशाचे पूर्ण रूप काय हे त्याला तोंडपाठ होते. इंग्रजीत रजेचा अर्ज टाइप करतो, त्याला रंगीत चौकट काढतो, परीक्षा देतो, प्रमाणपत्र घेतो. क्लासमध्ये मराठीचा कळफलक एकदाही उघडला जात नाही. शिकवणारा मराठी, शिकणारा मराठी, आणि मधली भाषा मात्र मोडकी इंग्रजी. 'का' हा प्रश्न विचारायला मुलाला भाषाच उरत नाही, म्हणून तो पाठ करतो. पाठ केलेले सहा महिन्यांत विसरते.

अशा मुलाची परीक्षा घ्यायची तर या पाच गोष्टी सांगा. पहिली, ग्रामपंचायतीला मराठीत एक पानी पत्र लिहून पीडीएफ कर. दुसरी, मंडळाच्या वर्गणीचा तक्ता करून गल्लीनिहाय बेरीज काढ. तिसरी, तीनशे सभासदांची नावे अकारविल्हे लाव आणि त्यांना नावानिशी निमंत्रणपत्रे काढ. चौथी, जुना कागद स्कॅन करून, तारखेसह नाव देऊन, सापडेल अशा जागी ठेव. पाचवी, हे सगळे ईमेलला जोडून पाठव आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेव. पाचांपैकी पाच जमले तर त्याला संगणक येतो. नाही जमले तर भिंतीवरची फ्रेम उतरवून ठेवायला हरकत नाही.

फाँटच्या जाळ्यातून बाहेर या

आपल्याकडे अजून निवेदने जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. त्यातली गोम साधी आहे. जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या पोटात मराठी नसतेच. तिथे इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात, फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो आणि चिन्हांचा कचरा दिसतो. अशा फाईलमध्ये 'पाटील' शोधा, सापडणार नाहीत. नावे क्रमाने लावा, क्रम भलताच लागेल. म्हणून तर आपली पत्रके फोटो काढून फिरवावी लागतात. फोटोतला मजकूर ना शोधता येतो, ना दुरुस्त करता येतो.

युनिकोडमध्ये क हा क असतो, मग संगणक कोणाचाही असो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, विंडोजमध्ये २००० सालापासून सोय आहे. त्यासाठी वेगळा फाँट विकत घ्यावा लागत नाही. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की कळफलक हजर. २०१९ पासून विंडोजमध्ये उच्चारावरून टाइप करण्याचा मराठी कळफलकही आला. 'लिब्रेऑफिस' हे पत्रलेखनाचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्याचे मेनूही मराठीत करता येतात. चोरीची सीडी आणायची गरज संपली आणि 'परवडत नाही' ही सबबही संपली.

इथे सीमाभागाच्या माणसाने एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. केंद्र सरकारने ठरवलेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत क आहे आणि कन्नडमध्येही क आहे. 'जे'वर र, 'एच'वर प, 'सी'वर म. शिफ्ट धरून 'एन' दाबले की आपल्या बेळगावातला ळ, दोन्ही भाषांत. कन्नडला ऱ्हस्व ए आणि ओ यांच्या दोन-चार कळा जास्त, एवढाच फरक. म्हणजे जो मुलगा मराठी टंकलेखन बोटांत बसवतो, त्याची बोटे कन्नडही टाइप करू शकतात. लिपी ओळखायची तेवढी उरते. भाषेच्या नावाने माणसे तोडणारे दोन्हीकडे आहेत. कळफलकाने मात्र दोन्ही भाषा एकाच जागी बसवून ठेवल्या आहेत.

आक्षेप आणि उत्तरे

'शेवटी नोकरीला इंग्रजीच लागते' असे सांगणारे पालक भेटतात. इंग्रजी शिकायला नको असे कोण म्हणते? मेनूतले शंभरेक शब्द मुलगा आठवड्यात शिकेल. पण तक्त्यात बेरीज कशी होते, फाईल आणि फोल्डर म्हणजे काय, एक पत्र तीनशे नावांना कसे जोडायचे, हे समजायला मातृभाषा लागते. समजलेले इंग्रजीतही वापरता येते. उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या मालकाला मुलाचे इंग्रजी भाषण नको असते. १ जुलै २०१७ पासून जीएसटीची विवरणे भरावी लागतात, मालाची आवक-जावक लागते, पगाराचा तक्ता लागतो. ते बिनचूक करणारा माणूस त्याला हवा असतो.

दुसरा आक्षेप असा की, 'आता मोबाईल आहे, संगणक कशाला?' मोबाईलवर आपली मुले मराठी लिहितात, तीही बरीचशी रोमन लिपीत. चार ओळींच्या निरोपाला ते ठीक. वीस पानांचा अहवाल, चारशे ओळींचा हिशेब, सभेचा वृत्तान्त मोबाईलवर करून दाखवा. कचेरीतले काम अजून कळफलकावरच चालते आणि नोकरीची परीक्षाही तिथेच होते.

तिसरा आक्षेप नवा आहे. 'आता बोलले की टाइप होते, यंत्रच अर्ज लिहून देते.' लिहून देते, खरे आहे. पण सर्व्हे नंबर चुकला, आडनाव बदलले, तारीख खोटी पडली, तर सही तुमची असते. यंत्राने लिहिलेले तपासायला आणि दुरुस्त करायला काम येणारा माणूस लागतोच. ज्याला पत्र लिहिता येत नाही, त्याला ते तपासताही येत नाही.

चौथे म्हणणे हताशपणाचे: 'मराठीत शिकून इथे काय मिळणार?' ऐका. महाराष्ट्र शासनाने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो. २००८ च्या शासन निर्णयाने ही वाट दिली, त्यासाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे टंकलेखन मागतात. संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटी किंवा केंद्राच्या संस्थेची 'सीसीसी' परीक्षा चालते. दार उघडे आहे. आपला मुलगा त्या दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात रहिवासाचा दाखला असतो, टंकलेखनाचे प्रमाणपत्र नसते. (परीक्षेला जुन्या टाइपरायटरची मांडणी मागत असतील, तर तीही शिकावी. अक्षरे मात्र युनिकोडचीच ठेवावीत.)

काय करायचे ते ठरवू या

बोलणे पुरे. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे या मागण्या ठरावाच्या रूपात याव्यात.

एक. प्रत्येक घटक समितीने आपल्या गावात मराठी संगणक वर्ग सुरू करावा. जागा शोधायला नको. वाचनालये आहेत, मंदिरांचे सभामंडप आहेत, मंडळांच्या खोल्या वर्षातले अकरा महिने कुलूपबंद आहेत. पाच-सहा वापरलेले संगणक, एक प्रिंटर, संध्याकाळचे दोन तास, तीन महिने. गणपतीच्या एका विसर्जन मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकाचे भाडे वाचवले, तरी सुरुवात होते.

दोन. अभ्यासक्रम वरच्या पाच कामांचा असावा. पहिला महिना मराठी कळफलक आणि पत्र. दुसरा महिना हिशेबाचा तक्ता. तिसरा महिना कागद स्कॅन करणे, जपणे, पाठवणे, आणि सरकारी संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरणे. त्यातच कन्नड लिपीची तोंडओळख द्यावी, म्हणजे आपला उतारा आपल्याला वाचता येईल. उतारा वाचता आल्याने मराठीपण कमी होत नाही. न वाचता सही केल्याने मात्र जमीन जाऊ शकते.

तीन. वर्गात निम्म्या जागा मुली आणि महिलांना द्याव्यात. बचत गटांचे हिशेब त्या आजही वहीत चोख ठेवतात. तक्ता त्यांच्या हाती लवकर बसेल.

चार. वर्गाची परीक्षा खऱ्या कामावर घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतल्या एका खऱ्या गाऱ्हाण्याचे निवेदन कलम ३५० चा उल्लेख करून मराठीत लिहावे, पाठवावे आणि पोच आणून दाखवावी. माहिती अधिकार कायद्याचा (२००५) अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो. हरकत नाही. हिंदीचा कळफलक हाच आहे, अर्ज हिंदीत जाईल. पोचपावत्या एका ठिकाणी साठवाव्यात. वर्षभरात प्रत्येक तालुक्याची एक फाईल तयार होईल, ती कोणालाही नाकारता येणार नाही.

पाच. आपल्या शिक्षणसंस्थांनी महाविद्यालयांच्या संगणक खोल्या संध्याकाळी समाजाला उघडाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, तिचा विचारच हा होता की महाविद्यालयाने आसपासच्या लोकांना कामाचे कौशल्य शिकवावे. मराठी माणसाच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतीत पाच वाजता दिवे मालवून कुलूप लावणे आता बंद व्हावे.

सहा. महाराष्ट्र शासनाकडे मागणी करावी की, एमएस-सीआयटीच्या मराठी बॅचेस आणि मराठी टंकलेखनाची परीक्षा केंद्रे सीमाभागाच्या प्रत्येक तालुक्याच्या आवाक्यात असावीत, आणि ८६५ गावांतल्या मुलांची फी शासनाने भरावी. १ नोव्हेंबरला काळ्या दिनी पाठवलेल्या सहानुभूतीच्या संदेशापेक्षा आम्हाला तीस संगणकांची एक खोली जास्त उपयोगी पडेल.

हे वाचून काही ज्येष्ठ म्हणतील की, लढ्याचे दिवस संगणकात कशाला घालवायचे? त्यांना आदराने सांगावेसे वाटते की, १९४६ साली याच बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. लिहिलेल्या ठरावाची ताकद या शहराला नव्याने शिकवायला नको. त्या पिढीने हाताने लिहून गठ्ठे जपले. आजच्या पिढीचा गठ्ठा संगणकात राहणार आहे. तो जपणारे हात तयार करणे हे लढ्याचेच काम आहे.

तेव्हा येत्या सभेला येताना घोषणा कमी आणि नावे जास्त घेऊन या. तुमच्या गल्लीतून शिकायला कोण येणार, शिकवायला कोण येणार, खोलीची किल्ली कोणाकडे आहे, एवढे लिहून आणा. आणि जमल्यास ते मराठीत टाइप करून आणा.

जय महाराष्ट्र!